आबासाहेबांची शेवटची संध्याकाळ

भास्कर तेंडोलकरचा आवाज मुळातच हळू. पुण्याच्या शेतकी कॉलेजात असताना तो दरवर्षी नाटकाच्या निवडीला नाव द्यायचा आणि दरवर्षी एकच कारण ऐकून परत यायचा, तुझं तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू येत नाही. शेवटी त्याला पडदा ओढायचं काम मिळालं आणि तेही त्याने मन लावून केलं. पुढे मातीचा अभ्यास करत करत तो ऑस्ट्रेलियात आला, टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत नोकरीला लागला आणि आता वीसेक वर्षं तिथल्या पोरांना काळ्या जमिनीबद्दल शिकवतो आहे. टूवूंबाभोवतालच्या डार्लिंग डाउन्स पठाराची माती आपल्या देशावरच्या मातीसारखीच, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पहिल्यांदा ती मुठीत घेतली तेव्हाच त्याला वाटलं होतं, इथे आपलं निभेल. निभलंही. फक्त वर्गात मागे बसणारी पोरं अजून म्हणतात, "स्पीक अप, मेट."

अशा माणसाच्या वाट्याला पन्नाशीनंतर खलनायक आला, तो भाजीपाल्यामुळे.

ब्रिस्बेनच्या एका कम्युनिटी रेडिओवर शनिवारी दुपारी तासभर मराठी कार्यक्रम असतो. क्वीन्सलँडच्या उन्हात मेथी आणि अळू कसं लावावं यावर दहा मिनिटं बोलायला भास्करला बोलावलं होतं. त्याने माइकसमोर बसून आपल्या नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. या मातीत पाणी जास्त झालं, तर मुळं गुदमरतात. एकदम नाही, हळूहळू. वरून बघणाऱ्याला पान हिरवंच दिसतं. काचेपलीकडे आवाजाची यंत्रं सांभाळणारा अवधूत त्या वाक्याला मान वर करून बघायला लागला. त्याच्या शेजारी चित्रलेखा बसली होती. ती पेशाने फार्मसिस्ट, मूळची दादरची, आणि तेव्हा रेडिओसाठी एक मालिका लिहायला घेतलेली. एका तालुक्याच्या गावात कापसाची जिनिंग फॅक्टरी चालवणारं घराणं, मालिकेचं नाव 'कोरगाव्यांचं घर'. घरातला कर्ता म्हातारा आबासाहेब कोरगावे याच्यासाठी ती महिनाभर आवाज शोधत होती. येईल तो पुरुष माइकवर गर्जना करून जायचा. मेथीचं ऐकता ऐकता तिने हातातला चहा खाली ठेवला.

आबासाहेब कधी ओरडला नाही, हेच त्याचं भय होतं. "सूनबाई, बसा," एवढं म्हणायचा आणि ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबायचं. जो आवाज नाटकाच्या तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नव्हता, तो आता इअरफोनमधून लोकांच्या थेट कानात बोलायला लागला. मालिका पॉडकास्टवरही जायची, त्यामुळे सिडनीकडच्या स्कोफिल्ड्सपासून ॲडलेडच्या मॉसन लेक्सपर्यंत घरोघरी तिचा बोलबाला झाला. सून रेवतीचं काम शाल्मली करायची. इप्सविचकडे नर्स असलेली, नाईट शिफ्ट करून डोळे चोळत स्टुडिओत येणारी ही मुलगी भास्करला काका म्हणायची आणि माइक सुरू झाला, की खरोखर त्याच्यापासून खुर्ची थोडी लांब ओढायची. गणपतीत ब्रिस्बेनच्या हॉलवर एका बाईंनी त्याच्या हातून प्रसाद घेताना हात मागे घेतला, मग हसत हसत घेतला. भास्कर त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होता.

शनिवारी सकाळी टूवूंबाच्या धुक्यातून निघायचं, डोंगर उतरायचा, खाली सपाटीवर ऊन लागायचं. गाडीत एकटा असल्यामुळे तो संवाद मोठ्याने म्हणायचा, म्हणजे त्याच्या मानाने मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी तरी लक्ष देऊन ऐकत होतं. बायको विनिताला नवऱ्याचं हे रूप बघून गंमत वाटायची. ती मैत्रिणींना सांगायची, की आमच्याकडे शुक्रवारी रात्रीच इस्त्री केलेला शर्ट खुंटीला लागतो, जसं काही रेडिओवर लोकांना शर्ट दिसणार आहे.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस चित्रलेखाने आबासाहेबाला मारलं.

तिने तसं भास्करला आधी फोन करून सांगितलं होतं. मालिका पुढे जायची असेल, तर रेवतीला मोकळं व्हायला हवं, आणि तो जिवंत असेपर्यंत ती होणार नाही. भास्करने बरं म्हटलं. त्याला वाटलं होतं, मोठं आजारपण असेल, अंथरुणावरचे संवाद असतील. पण आबासाहेब एका दुपारी गाडी घेऊन फॅक्टरीकडे निघाला आणि गाडी कालव्यात गेली. तेवढंच. मालिकांमध्ये प्रेत सापडत नाही आणि माणूस परत येतो, हे चित्रलेखाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तिने प्रेत सापडलेलं दाखवलं, अग्नी दिलेला ऐकवला, दहाव्याला पिंडाला कावळाही शिववला. त्या कावळ्यासाठी अवधूतला केवढी खटपट करावी लागली. इथला कावळा तान्हं मूल रडल्यासारखा ओरडतो. तो लावला असता, तर लोक हसले असते, म्हणून त्याने पुण्याहून मावसभावाकडून कावळ्याचा आवाज मागवला. चित्रलेखा म्हणाली, मी हे सगळं माझ्यासाठीच केलंय, उद्या मला मोह झाला, तरी दार बंद असू दे.

भास्करचे शनिवार मोकळे झाले. तो परसात काम करायचा, विनिताबरोबर बाजारात जायचा. विनिताने विचारलं, तर म्हणायचा, बरं झालं, त्या ड्राइव्हने पाठ धरत होती. पण स्वयंपाकघरात भांडी लावताना त्याच्या तोंडून कधी तरी आबासाहेबाचं वाक्य निघायचं आणि मग तो एकदम नळ सोडायचा.

दोन महिन्यांत मालिकेचे श्रोते निम्म्यावर आले. व्हॉट्सॲपवर लोकांनी धोशा लावला, की आबासाहेबाला परत आणा. कुणी म्हणे जुळा भाऊ काढा, कुणी म्हणे कालव्यातलं प्रेत ड्रायव्हरचं होतं. भास्कर त्या चर्चेत स्वतःहून कधी काही लिहीत नसे, पण प्रत्येक मेसेज वाचत असे, आणि एकदा त्याने अवधूतला सहज म्हणून सुचवलं, की पिंडाला कावळा शिवला म्हणजे माणूस मेलाच असं शास्त्राने कुठे म्हटलंय. अवधूतने ते तत्काळ चित्रलेखाच्या कानावर घातलं. तेव्हा तिने सगळ्यांना घरी बोलावलं, पोहे केले आणि विषय काढला.

अवधूतचं म्हणणं सरळ होतं. तो गेल्यापासून घरात कुणाला काही कामच उरलेलं नाही. सगळी चांगली माणसं एकमेकांना चहा विचारत बसलीत. दुष्ट माणूस नुसता वाईट वागत नाही, तो बाकीच्यांना उभं करतो. शाल्मलीला ते पटत नव्हतं. ती म्हणाली, मी दोन वर्षं त्याच्यासमोर थरथरले, तो मेला तेव्हा मला मेसेज आले, की आज आम्हाला झोप लागली. आता त्याच बायकांना मी काय सांगू, की तुमची झोप चुकून झाली होती?

"पुराणातले राक्षससुद्धा एकदा मेले की मेले," चित्रलेखा म्हणाली.

"पुढच्या जन्मी येतात की. नाव बदलून," अवधूत म्हणाला.

"मग नाव बदलून आणू. पण हा नाही. मेलेला माणूस एकदा परत आला, की पुढे माझ्या गोष्टीत कुणाच्याच मरणाला अर्थ राहत नाही. आणि जगण्यालाही."

भास्करने पोहे संपवले. त्याला बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं ते मालिकेच्या भल्याचं नव्हतं, स्वतःच्या भल्याचं होतं, आणि ते त्याला कळत होतं. निघताना चित्रलेखा त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आली. तुला वाईट वाटतंय हे मला दिसतंय, पण मी हे करणार नाही, असं तिने सांगितलं. त्याने नो वरीज म्हटलं आणि डोंगर चढून तो घरी आला.

त्यानंतर काही दिवसांनी त्याला पद्माकाकूंचा फोन आला. पद्माकाकू म्हणजे डॉक्टर श्रीनिवासची आई. श्रीनिवास टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये फिजिशियन, भास्करच्या चांगल्या ओळखीचा, दिवाळीला एकमेकांकडे जाणं-येणं. त्याचे वडील पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजचे प्राचार्य होते. ते गेल्यावर त्याने आईला इकडे आणलं. गाडीशिवाय या गावात पाऊल टाकता येत नाही, बस कधी तरी एखादी दिसते, त्यामुळे काकूंचे दिवस घरातच जायचे. नात स्पृहाने त्यांना फोनवर मालिका लावून द्यायला शिकवलं होतं. काकू म्हणाल्या, श्रीनिवास ड्युटीवर असेल तेव्हा ये. तुझ्याशी आबासाहेबाबद्दल बोलायचंय.

भास्करला वाटलं, आणखी एक चाहती. जाताना त्याने परसातली मेथी नेली.

काकूंनी चहा केला, मेथी बघितली, चांगली आहे म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांच्या यजमानांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. काकू त्या फोटोकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तू हा माणूस कुठे पाहिलास?" त्यांनी विचारलं.

भास्कर म्हणाला, पाहिला नाही. चित्रलेखा लिहिते, मी नुसतं वाचतो.

"मला वाटलं, तू आमच्याकडे कधी जेवायला आला होतास की काय. लोकांना वाटतं, असे पुरुष आरडाओरडा करतात. आमच्याकडे कधी आवाज चढला नाही. शेजारी म्हणायचे, केवढं शांत घर."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. श्रीनिवास तेव्हा लहान, नुकता शाळेत जायला लागलेला. यजमानांना बढती मिळाली होती आणि दुपारी मोठ्या मोठ्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. सकाळीच खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात फोन आला. तो यजमानांनी घेतला. साताऱ्याला काकूंची आई गेली होती. यजमान वर आले, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. काकूंनी स्वयंपाक केला, पानं वाढली, आग्रह केला, विडे दिले. पाहुणे जिना उतरले आणि मग त्यांनी सांगितलं. त्या वेळी निघून काकू साताऱ्याला पोचल्या तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. सकाळी निघाल्या असत्या, तर आईचं तोंड दिसलं असतं.

"मी रडायला लागले, तर म्हणाले, आता रडून काय, ते तर झालं. अगदी हळू. तुझ्या आबासाहेबासारखं. प्रेमाने समजूत घालावी तसं."

भास्करने चहाचा कप हातातच धरून ठेवला होता. काकू दुःख सांगत नव्हत्या, नुसतं घडलेलं सांगत होत्या. यजमान झोपेतच गेले. अंत्ययात्रेला अर्धं पुणं लोटलं. शोकसभेत विद्यार्थी रडले, आणि ते खोटं नव्हतं, विद्यार्थ्यांचं त्यांनी खूप केलं होतं. काकूही त्या सभेत पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"तर माझं एक काम कर. त्याला परत आणायला सांग."

भास्करला काही उमगेना. त्याला वाटलं होतं, या उलट म्हणतील.

"परत आणून परत छळायला नको. तो फार सहज सुटला, भास्कर. एक दिवस गाडीत बसला आणि गेला. आमचे झोपले आणि गेले. त्यांना कुणी समोर बसवून काही बोललंच नाही. मी मनात किती वर्षं एक बोलणं तयार करत होते. आता कुणाशी बोलू, फोटोशी? त्या सुनेला तेवढं बोलू दे. आणि ती बोलेल तेव्हा तू उत्तर द्यायचं नाहीस. अशा माणसांना उत्तरं फार छान देता येतात. त्याने फक्त ऐकायचं."

निघताना भास्करने विचारलं, ही साताऱ्याची गोष्ट चित्रलेखाला सांगू का? नाव सांगू नकोस, काकू म्हणाल्या, गोष्ट घाल. श्रीनिवासचा बाप त्याला देवाच्या जागी आहे. त्याला हे कळायची गरज नाही, आणि तो कुठे मालिका ऐकतो.

भास्कर त्याच शनिवारी ब्रिस्बेनला गेला. चित्रलेखाने दार उघडताच तिच्या चेहऱ्यावर दिसलं, की हा पुन्हा तेच मागायला आलाय. त्याने मागितलंही तेच, पण म्हणाला, मला एकही वाक्य देऊ नकोस. मग त्याने नाव न घेता सगळं सांगितलं. चित्रलेखा बराच वेळ टेबलावरची औषधाची रिकामी बाटली फिरवत राहिली. तिने दार बंद केलं होतं ते माणूस उठून परत येऊ नये म्हणून. पण मेलेल्या माणसाच्या आयुष्यात मागे जायला दाराची अडचण नव्हती. तो मेला तो मेलाच, कावळा शिवला तो शिवलाच. गोष्ट फक्त एक दिवस मागे जाईल, आदल्या संध्याकाळी.

आणि तिच्या मालिकेत एक सैल धागा पडून होताच. पहिल्या वर्षी रेवतीची आई वारली होती आणि रेवती तिच्या अंत्यदर्शनाला उशिरा पोचली होती. का उशीर झाला ते चित्रलेखाने मोघम ठेवलं होतं, श्रोत्यांनी समजून घेतलं होतं, की बस चुकली असेल. आता बस चुकली नव्हती असं निघालं.

तो भाग लिहायला सोपा गेला, पण ध्वनिमुद्रणाला बसल्यावर सगळ्यांची पंचाईत झाली. नाटकात माणूस गप्प बसला, तरी दिसतो. रेडिओवर गप्प माणूस नाहीसाच होतो. पहिल्या खेपेला ऐकून बघितलं, तर शाल्मली रिकाम्या खोलीत बोलत असल्यासारखी वाटत होती. अवधूत म्हणाला, हे असं गेलं, तर लोक समजतील स्टेशन बंद पडलं. त्याने खुर्चीची कुरकुर घातली, बशीवर कप टेकल्याचा आवाज घातला. तरीही आबासाहेब खोलीत येईना. शेवटी चित्रलेखाने भास्करला माइकच्या अगदी जवळ बसवलं आणि म्हणाली, तू काही करू नकोस, तिचं ऐक आणि श्वास घे.

शाल्मलीने सुरुवात केली. आधी तिने कागद समोर धरला होता, मग खाली ठेवला. रेवती सांगत होती, की त्या दिवशी मी तुम्हाला दोनदा वरण वाढलं. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलंत. तुम्हाला माहीत होतं.

भास्कर ऐकत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्या तोंडात उत्तर तयार आहे. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. इतकं नेमकं, इतकं मवाळ उत्तर होतं, की ते ऐकल्यावर रेवतीच चुकीची ठरली असती. पाहुण्यांसमोर तुमचं दुःख उघडं पडू नये असं मला वाटलं, सूनबाई. बस्स, एवढंच म्हटलं असतं, तर सगळं बोलणं परतून तिच्यावरच आलं असतं. ते शब्द ओठापर्यंत आले. त्याने ते गिळले. माइकने तेवढं टिपलं, घशात काही तरी अडकून खाली गेल्याचा आवाज, मग नाकातून सुटलेला लांब श्वास. काचेपलीकडे अवधूतने हात वर केला, असंच राहू दे म्हणून.

रेवतीचं शेवटचं वाक्य साधं होतं. "तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तरी चालेल. मला ते नकोच आहे. मी फक्त सांगायला आले होते, की मला कळलंय." मग दार लागल्याचा आवाज, आणि मागे राहिलेल्या माणसाचा श्वास, बराच वेळ.

बाहेर पार्किंगमध्ये शाल्मली म्हणाली, काका, मला तुमचा राग आला होता हो, खरा. भास्कर म्हणाला, मलाही माझा आला. परतीच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली, विनिताला फोन करून उशीर होईल म्हणाला, आणि नुसता बसून राहिला. ते उत्तर आपल्याला इतक्या चटकन कसं सुचलं, हे त्याला कळत नव्हतं. घरी गेल्यावर त्याने ते विनिताला म्हणून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, वाक्य चांगलंय, पण ते पुन्हा म्हणू नकोस.

भाग प्रसारित झाला आणि बऱ्याच श्रोत्यांचा विरस झाला. आबासाहेब परत येणार म्हणून लोक सरसावून बसले होते, आणि तो एक अक्षर बोलला नाही. कुणी लिहिलं, ही आमची फसवणूक आहे. कुणी भास्करला थेट विचारलं, घसा बसला होता का? पण काही बायकांनी चित्रलेखाला वेगळे मेसेज पाठवले, ते तिने कुणाला दाखवले नाहीत. मालिकेतून काही दिवस सुट्टी घ्यायचं तिने ठरवलं होतं, ते मात्र रद्द केलं.

पुढच्या आठवड्यात भास्कर युनिव्हर्सिटीतल्या ग्लासहाउसमध्ये मातीच्या कुंड्या तपासत होता. दारात श्रीनिवास उभा दिसला. हॉस्पिटलचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. भास्करने हात पुसले. श्रीनिवास आत आला, पण बसला नाही.

शनिवारी तो घरी होता, कपड्यांना इस्त्री करत, असं त्याने सांगितलं. एरवी आई इअरफोन लावून ऐकायची, त्या दिवशी तिने फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला. त्याला वाटलं, चुकून राहिलं. त्याने आपलं काम चालू ठेवलं. अर्ध्यावर त्याची इस्त्री थांबली.

"श्रीखंड होतं त्या दिवशी," श्रीनिवास म्हणाला. "मला आठवतं, कारण बाबांनी मला मांडीवर घेऊन भरवलं होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर. लहानपणीची माझी सगळ्यात आवडती आठवण आहे ती. आई वाढत होती."

भास्करने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"हो. तिने सांगितलं होतं."

"तुला सांगितलं. मला नाही." श्रीनिवासने एका कुंडीतली ढेकळं बोटाने फोडली. "मी विचारलं तिला, हे आजीचंच ना? तर हो म्हणाली. मग आम्ही बोलत बसलो, स्पृहा क्लासवरून येईपर्यंत. अजून बरंच आहे, भास्कर. मला सगळं ऐकवत नाही. ऐकतोय."

त्याला वडिलांचा राग आला होता का, हे त्याच्याकडे बघून सांगता आलं नसतं. भास्करचा आला होता, थोडा, आणि तो त्याने लपवला नाही. रेडिओवर नको होतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, पण रेडिओवर नसतं, तर तिने कधीच सांगितलं नसतं. मग पुन्हा म्हणाला, तरीही नको होतं. भास्करला दोन्ही पटलं. त्याने तसं सांगितलं नाही. समजुतीचं काही तरी मवाळसं बोलणं त्याला सुचत होतं, ते त्याने बाजूला ठेवलं आणि श्रीनिवासचं संपेपर्यंत ऐकलं.

"मी फोटो काढायला निघालो होतो," जाताना श्रीनिवास म्हणाला. "आईने काढू दिला नाही. म्हणाली, तुझे वडील आहेत, असू देत. फक्त रोज उदबत्ती मला लावायला सांगू नकोस."

"मग?"

"मी लावली आज. माहीत नाही उद्या लावेन की नाही."

हिवाळा सरता सरता चित्रलेखाने नवीन कथानक सुरू केलं. श्रोते काही परत आले, काही आले नाहीत. अवधूतने एकदा पुन्हा तो विषय काढला. एकदा मागे जाता आलं, तर आणखी मागे जाऊ, आबासाहेबाच्या तरुणपणात जाऊ, तेव्हा तो बोलू शकेल. या वेळी चित्रलेखाने स्वतः उत्तर दिलं नाही. तिने भास्करकडे बघितलं. तू ठरव, म्हणाली, तुझा माणूस आहे.

वर्षापूर्वी हा प्रश्न त्याला कुणी विचारला असता, तर तो त्याच शनिवारी शर्टाला इस्त्री करून हजर झाला असता. आता मात्र तो म्हणाला, त्याला बोलायला लावलं, की लोकांना तो आवडायला लागतो, मलाही लागतो. त्या संध्याकाळी तो जिथे बसला होता, तिथेच बसू दे. मला दुसरं काही तरी दे, लहान चालेल.

चित्रलेखाने त्याला विमा एजंट केलं. भला, बडबड्या, दारोदार फिरून सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी करणारा. भास्करला तो मुळीच जमला नाही. त्याचे विनोद कुणाला ऐकू आले नाहीत, आणि मॉसन लेक्सच्या एका श्रोत्याने कळवलं, की हा एजंट चांगला माणूस आहे यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसत नाहीये, तो पुढे काही तरी करणार आहे का? शाल्मलीने ते वाचून दाखवलं तेव्हा स्टुडिओत सगळे हसले. भास्करही हसला, आणि म्हणाला, सांग त्यांना, काही करणार नाहीये, फक्त विमा विकणार आहे. मग त्याने कागद नीट लावला आणि माइकच्या जवळ सरकला.